कोटेशनमध्ये न लिहिलेलं

"आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट." कमी बजेटच्या गेमिंग पीसीचं कोटेशन बहुतेक वेळा असंच असतं. वाचणाऱ्याला वाटतं, वा, एवढ्या पैशात आय७! माझं मत विचाराल तर अशा कोटेशनमध्ये जे लिहिलंय त्याकडे फार लक्ष देऊ नये. जे लिहिलेलं नाही ते विचारावं. बजेट कमी असलं की गडबड (दुकानदाराच्या भाषेत 'ॲडजस्टमेंट') तिथेच लपलेली असते.

हा आय७च घ्या. कितव्या जनरेशनचा? बऱ्याचदा उत्तर येतं तिसऱ्या. म्हणजे २०१२ सालचा, कुठल्यातरी ऑफिसातून बाहेर पडलेला. आय७-३७७० ला ४ कोअर आणि ८ थ्रेड्स. २०२२ साली आलेल्या आय३-१२१००एफ लाही तेवढेच, आणि तरी हा 'साधा' आय३ त्याला सहज मागे टाकतो. बरं, प्रश्न नुसत्या वेगाचाही नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तिसरी जनरेशन नाही. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० लागतं. म्हणजे ज्या गेमपायी घरात हट्ट चाललाय, तोच अडायचा!

'४ जीबी ग्राफिक्स' ही तर त्याहून मोठी गंमत. २०१४ सालचं जीटी ७३० सुद्धा ४ जीबीचं मिळतं. पण त्याच्या ६४ बिट डीडीआर३ आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी. २०२१ मध्ये आलेल्या आरएक्स ६६०० चा २२४ जीबी. टाकी मोठी आणि नळ बारीक, असला प्रकार. कोटेशनमध्ये टाकी लिहितात, नळ लिहीत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सांगलीचा मावसभाऊ. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशीची भिशी लागली, त्यातले ६० हजार त्याच्या पीसीसाठी. मॉनिटर धरून. "दादा, आरजीबी पाहिजेच हां," हे पहिलं वाक्य. याच मशीनवर तो प्रोजेक्ट करणार, कोडिंग करणार आणि रात्री मित्रांबरोबर खेळणार. पुढची भिशी लागेपर्यंत दुसरा पीसी नाही, त्यामुळे इथे चुकून चालत नाही.

त्याला म्हटलं, आधी स्क्रीन ठरव. १९२० बाय १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. फोरके म्हणजे ८३ लाख, चौपट. ग्राफिक्स कार्डाला दर फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचे असतात, आणि ६० फ्रेम्स हव्या असतील तर हातात असतात फक्त १६.७ मिलिसेकंद. तेव्हा १०८० वर समाधान मानलं की निम्मे प्रश्न सुटतात. मग आरएक्स ६६०० च्या आसपासचं कार्ड पुरतं आणि त्याच्या जोडीला रायझन ५ ५६०० किंवा तो वरचा आय३ चालतो. एएम४ जुनं झालं, मान्य. पण त्याचे बोर्ड स्वस्त आहेत आणि त्यात डीडीआर४ रॅम चालते, जी एखाद्या मित्राकडे जुनी पडलेली असू शकते. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्समुळे रॅमचे भाव जे चढले, ते बघता हा मुद्दा छोटा नाही.

आता एसएमपीएस. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. कॅबिनेटबरोबर जो 'फ्री' येतो त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत? १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात. आरएक्स ६६०० चे १३२ आणि प्रोसेसरचे ६५ मिळून झाले १९७. पंखे, डिस्क, बोर्ड अजून बाकीच आहेत. आणि हा हिशोब लेबल खरं बोलतंय असं धरून केलेला! '८० प्लस'चा शिक्का असला तरी तो कार्यक्षमतेचा आहे, ओव्हरलोड झाल्यावर एसएमपीएस नीट बंद होईल याची ती हमी नाही. आपल्याकडची वीज कशी आहे हे वेगळं सांगायला नको. दिव्यांचे पैसे वाचवा आणि इथे घाला. अख्ख्या पीसीत ही एकच वस्तू अशी आहे की जी मरताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकते.

तरीही पैसे कमी पडले तर? तर कार्डच घेऊ नका. खरंच. ५६००जी मिळाला तर त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर कमी सेटिंगला व्हॅलोरंट व्यवस्थित चालतं, जीटीए ५ सुद्धा. फक्त रॅम ८-८ जीबीच्या दोन घ्यायच्या, १६ ची एक नाही, कारण हे ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं आणि दोन चॅनेल मिळाले तर वेग बराच वाढतो. कार्ड पुढच्या वर्षी, इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून. भाऊ यावर नाराज आहे. "लोक काय म्हणतील, गेमिंग पीसी आणि कार्ड नाही?" असो. लोक भिशी भरत नाहीत.

सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली तेव्हा बाजारात ढिगाने कार्डं आली होती, ती सगळीच काही मेलेली नव्हती. पण पैसे द्यायच्या आधी अर्धा तास गेम चालवून बघा आणि पंख्यांचा आवाज ऐका. एसएमपीएस मात्र नवाच.

लॅमिंग्टन रोडला जाऊन (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा!) घ्या नाहीतर सांगलीतच, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून मागायचा. "बिल नको, जीएसटी वाचेल" असं कोणी म्हटलं तर पुढचं दुकान गाठायचं. १८ टक्के वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी हातात काहीच नसतं.