दिव्यांवरची धूसर साय

मालाची ने-आण करणारी गाडी काही वर्षे उन्हात वापरली गेली, की तिच्या पुढच्या दिव्यांवर पिवळट, धूसर साय धरू लागते. इंजिन ठणठणीत, टायर नवे, विमा वेळेवर भरलेला. तरीही रात्री घाटात रस्ता अंधूक दिसतो. दोष बल्बला दिला जातो आणि अधिक वॅटचा बल्ब बसविला जातो. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट ठरतो. खडबडीत पृष्ठभागातून बाहेर पडणारा प्रकाश सरळ न जाता चहूकडे विखुरतो. बल्ब जितका प्रखर, तितकी समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर तिरीप अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात एखादा सायकलस्वार दिसणे वा न दिसणे, हा प्रश्न गाडीच्या शोभेचा नव्हे.

बोलण्यात ‘दिव्याची काच’ म्हटले जात असले, तरी आज ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. १९५३ मध्ये जर्मनीत हर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. ते हलके असते आणि खडा लागला तरी सहसा फुटत नाही. मात्र त्यावर ओरखडे चटकन उठतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक, कठीण लेप चढविलेला असतो. हा लेप झिजला, की धूसरपणा सुरू होतो.

उपचारापूर्वी निदान हवे. दिवा धुऊन ओला असतानाच पाहावा. ओलेपणी तो स्वच्छ दिसला आणि वाळताच पुन्हा धूसर झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे. तो दूर करता येतो. आतून बाष्प धरले असेल वा प्लास्टिकला खोल तडे गेले असतील, तर वरून घासणे व्यर्थ होय. मूळ लेप शाबूत असून ओरखडे अगदी बारीक असतील, तर केवळ पॉलिशने हलकेच पुसावे. चांगला लेप खरवडू नये.

लेपच खराब झाला असेल, तर दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप चिकटवावी. मग पाणी सोडत वॉटर पेपरने घासावे: प्रथम ८०० क्रमांकाचा, मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही, हे स्पष्ट दिसते. आरंभी ओघळणारे पाणी पिवळसर असते. जुना लेप पूर्ण निघाला, की ते पांढरे होते. मधला क्रमांक गाळण्याची घाई करू नये. जाड कागदाचे ओरखडे अगदी बारीक कागदाने निघत नाहीत. त्यानंतर पॉलिशने चमक येते.

बहुतेक जण येथेच थांबतात आणि येथेच फसतात. घासण्याने धूसरपणा गेला, तसे प्लास्टिकचे कवचही गेले. उघडे पॉलिकार्बोनेट उन्हात काही महिन्यांतच पुन्हा पिवळे पडते. म्हणून पॉलिशचा अंश पूर्ण पुसून, पृष्ठभाग कोरडा करून, अतिनील किरणांना रोखणारा लेप त्याच दिवशी चढवावा. केवळ मेण लावल्यास ते वारंवार लावावे लागते. काम गॅरेजमध्ये देताना ‘चकाकी आणा’ एवढेच न सांगता, ‘वरून कोणता लेप देणार?’ हे आधी विचारावे.

घरगुती युक्त्यांबाबत सावध राहावे. टूथपेस्टने बारीक ओरखडे काहीसे निघतात, परंतु संरक्षण मिळत नाही. डास पळविण्याचे औषध चोळल्यास दिवा क्षणभर चमकतो. वस्तुतः त्यातील रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळविते. थिनर वा पेट्रोल तर मुळीच लावू नये. त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

नवा दिवा-संच बसविण्याच्या खर्चापुढे वॉटर पेपर आणि लेप यांचा खर्च किरकोळ आहे. गाडीच्या वार्षिक देखभालीच्या यादीत तेल, ब्रेक आणि टायर यांच्याबरोबर ‘दिव्यांचा लेप’ ही एक ओळ जोडलेली बरी. उन्हाळा सरताच, पहिल्या पावसापूर्वी ही तपासणी करावी; ओल्या रस्त्यावरच्या रात्री दिव्यांची खरी परीक्षा घेतात.