बेचाळिसाव्या दिवसानंतर

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण देणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल आमच्याकडे येतात. गुळगुळीत कागद, सुरुवातीला संचालकांचं मनोगत, मग तक्ते. वर्षभरात शोधनिबंध किती छापून आले, कार्यशाळा किती झाल्या, प्रशिक्षण किती जणांनी घेतलं, परदेशी परिषदेला कोण गेलं. स्त्री-संघटनांनी हे अहवाल वाचायला हवेत असं आम्ही बैठकांत नेहमी म्हणतो, आणि ते कपाटात जातात. यंदा मात्र वाचले. त्यातल्या प्रत्येक आकड्याच्या मागे माहिती देणारी एक बाई आहे. पाण्याची वेळ सांभाळून तिनं दारात उभं राहून उत्तरं दिली आहेत: लग्न कितव्या वर्षी, मुलं किती, पडली किती, पाळी नियमित आहे का, अंगावरून जातं का. तिला या बदल्यात काय मिळालं, याचा रकाना आमच्याकडे आलेल्या एकाही अहवालात नव्हता.

हा विषय आत्ताच काढण्याचं कारण आपल्या शेजारचंच आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्यातलं एक अंबरनाथचं, 100 जागांचं. बदलापूरहून एक स्टेशन. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. 1886 मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यानंतर इतक्या वर्षांनी या पट्ट्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, याचा आनंद आम्हालाही आहे. पण महाविद्यालय आलं की सामुदायिक वैद्यकशास्त्राचा विभाग येतो, आणि विभाग आला की विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वस्तीत येतात. 2021-22 पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रमही आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं काही कुटुंबं दत्तक घ्यायची, त्यांच्या घरी जायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. (अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं चार लेकरांच्या आईला दत्तक घ्यायचं, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला नमस्कार.) कार्यक्रम वाईट नाही. तो खेड्यांसाठी आखलेला आहे, पण कात्रपसारख्या भागात, जिथे जुन्या गावाला चाळी आणि चाळींना इमारती चिकटल्या आहेत, तिथे गाव कुठे संपतं हे कोण सांगणार? आज ना उद्या पाहणी आपल्याही दारात येणार. ती येण्याआधी आपली भूमिका ठरलेली असावी.

भूमिका ठरवायला महाराष्ट्रातलंच एक उदाहरण घेऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि 1986 पासून गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था चालवू लागले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकामुलींची त्यांनी स्त्रीरोग तपासणी केली. तक्रार असणाऱ्यांची केली, तशीच नसणाऱ्यांचीही केली. हा अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 100 पैकी 92 जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून जास्त. तक्रार सांगितली होती 55 टक्के बायकांनी. म्हणजे उरलेल्या कितीतरी जणी आजार अंगात घेऊन ‘मला काही होत नाही’ असं म्हणत होत्या. आणि याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.

तोवर सरकारी लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. या दोन्हींच्या मधे जे तीस-पस्तीस वर्षांचं आयुष्य असतं, त्यात तिला पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अंग बाहेर येतं, लघवीला जळजळ होते, हे कोणी मोजलेलंच नव्हतं. मोजलं नव्हतं म्हणून ते नव्हतं. गडचिरोलीच्या अभ्यासाचं मोठेपण आम्हाला इथं दिसतं. जगभरच्या स्त्री-आरोग्य चळवळीच्या हातात त्यानं एक आकडा दिला. 1994 मध्ये कैरोला लोकसंख्या परिषद झाली, प्रजनन आरोग्य हा शब्द सरकारांच्या तोंडी आला, 1997 मध्ये भारतात प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गावर उपचार त्यात कागदोपत्री समाविष्ट झाले.

याच संस्थेचं दुसरं काम 10 वर्षांनी, 1999 मध्ये, त्याच नियतकालिकात आलं. 39 गावांत स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. शाळा फारशी न शिकलेली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर अनेक डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पण ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी तुलना करता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बाळाच्या देखभालीचं हे काम देशभरातल्या आशांकडे दिलं, इंजेक्शन वगळून.

म्हणजे आज कात्रपमधली एखादी आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलते, तेव्हा गडचिरोलीत शिकलेलं तिच्या हातून इथे होत असतं. संशोधनातून प्रशिक्षण आणि प्रशिक्षणातून प्रत्यक्ष काम असा प्रवास क्वचितच पुरा होतो. इथे तो झाला. संस्थेनं त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

आता दुसरी बाजू बघा. त्या भेटींच्या फॉर्मवर आईबद्दलही प्रश्न आहेत: ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, स्रावाला घाण वास येतो का. हे प्रश्न बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतर बाळाच्या भेटी पंधराव्या महिन्यापर्यंत चालू राहतात, लसींचं कार्ड पुढे चालू राहतं, आणि बाई रजिस्टरातून बाहेर पडते ती पुन्हा दिवस जाईपर्यंत. ऑपरेशन झालेलं असेल तर कायमचीच. एकाच संस्थेचे दोन अभ्यास: बाळाचा कात्रपपर्यंत पोचला आणि आईचा, जो 10 वर्षं आधीचा होता, तो वाटेतच राहिला. बाळ वाचलं की मृत्युदर खाली येतो आणि तो तक्त्यात दिसतो. पांढरं जाणं थांबलं तर कुठला दर खाली येतो?

अगदीच काही झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 30 वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशा जो सीबॅकचा फॉर्म भरते त्यात दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, दुर्गंधी स्राव आहे का, हे विचारलेलं असतं. 2016 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेप्रमाणे 30 ते 65 वयाच्या बायकांच्या स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात 100 मागे 2 सुद्धा नव्हत्या. (ही पाहणी करते देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे तीही आपल्या मुंबईचीच.) तिच्याच आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात रक्तक्षय असलेल्या बायका 2015-16 मध्ये 48 टक्के होत्या, पुढच्या फेरीत 54 टक्के झाल्या. प्रश्न दारापर्यंत आला आहे. तपासणीचं टेबल, पडदा आणि बाई डॉक्टर आलेली नाही.

आमच्या बैठकांत बायका सांगतात ते थोडक्यात असं. पहाटेची गाडी पकडून ठाण्या-मुंबईला घरकामाला, दुकानात, कंपनीत जाणारी बाई ओपीडीच्या वेळेत बदलापुरात नसतेच. घरी बसून जीन्सचे धागे कापणारीला एक सकाळ गेली की तेवढे पैसे गेले. गेलीच तर एका सरकारी दवाखान्यात तिला काय त्रास होतो ते रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं गेलं, आणि न तपासताच गोळ्या दिल्या गेल्या. पुढे अंबरनाथचं छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. दोन्हीकडे जायचं तर भाडं आणि खाडा. मग ती दुखणं अंगावर काढते.

अंगावर काढलेल्या दुखण्याचा शेवट कुठे होतो ते बीडनं दाखवलं. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साध्या औषधानं बरा होऊ शकणारा संसर्ग ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ या धमकीच्या वाटेनं शस्त्रक्रियेपर्यंत गेल्याच्या कहाण्या तिथल्या बायकांनी सांगितल्या. सरकारी यंत्रणेनं जे तपासलं नाही ते खाजगीवाल्यांनी कापलं. हे ऊसतोडीपुरतं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या गल्लीतल्या चाळिशीच्या आतल्या बायकांना एकदा विचारून बघावं.

संशोधन ज्यांच्या शरीरावर होतं त्यांचं देणं काय, हा प्रश्न मुंबईत फार टोकदारपणे आला होता. 1998 पासून टाटा मेमोरियल रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट करून अभ्यास केला. एका गटात दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावून गर्भाशयमुख तपासत. दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी मिळाली नाही. 12 वर्षांनी तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. टीकाकार म्हणाले, तपासणीनं जीव वाचतो हे जगाला ठाऊक असताना एवढ्या बायकांना वर्षानुवर्षं न तपासता नुसतं पाहत राहिलात. संशोधक म्हणाले, एरवीही त्यांना कोण तपासत होतं, आणि पॅप चाचणी आपल्या देशाला झेपणारी नव्हती. दोन्ही बाजू आम्ही समजून घेतल्या, पण ‘एरवीही मिळत नव्हतंच’ हे उत्तर आमच्या गळी उतरत नाही. गरिबाच्या वाट्याला आलेली उपेक्षा हीच मोजपट्टी धरली तर कुठलाही प्रयोग नैतिक ठरेल. मात्र त्या अभ्यासानं एक गोष्ट पक्की सिद्ध केली: दहावी झालेली बाई महिनाभरात ही तपासणी शिकते आणि नीट करते. ते ज्ञान त्या बायकांच्या किमतीवर मिळालेलं आहे. मग अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांत ते अजून का आलं नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

म्हणून अंबरनाथच्या महाविद्यालयाला आणि आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक संस्थेला आम्ही सांगणार आहोत की माहिती देऊ, पण आंधळेपणानं नाही. ज्या आजाराबद्दल विचाराल त्याच्या उपचाराची सोय आधी दाखवा: कुठे, कोणत्या वारी, संध्याकाळी किंवा रविवारी आहे का, तपासणारी बाई आहे का. संमतीचा कागद मराठीत, हिंदीत वाचून दाखवा. अंगठा घेण्यापुरता नको. जे सापडेल ते छापण्याआधी वस्तीत येऊन सांगा. यात आम्ही नवीन काही मागत नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं 2000 साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वं तयार झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची तत्त्वंही संशोधनाचा लाभ समाजाला परत मिळावा असं म्हणतात. ते पाळा, इतकंच.

प्रशिक्षणाबद्दलही बोलावं लागेल. ‘इतक्या आशांना प्रशिक्षित केलं’ हे अहवालात अभिमानानं येतं. त्या आशेला अजूनही कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी मिळून 250 रुपयांचा मोबदला ठरला. दर नव्या फॉर्मबरोबर तिचं एक नवं प्रशिक्षण होतं आणि कामाचे तास वाढतात. 2023-24 मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या किती संस्था त्यांच्या बाजूनं बोलल्या? तपासणीचं काम उद्या त्यांच्यावर टाकायचं असेल तर आधी पगाराचं बोला.

आमचं पत्र तयार होतं आहे. त्याला जोडायला आम्हाला तुमच्या गटांकडून माहिती हवी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, कुठल्याही वस्तीत गेल्या 10 वर्षांत बायकांच्या आरोग्याची पाहणी झाली असेल तर लिहून पाठवा. माहिती देणाऱ्या बाईचं नाव नको. पाहणी कोणत्या वर्षी झाली, काय विचारलं, रक्त किंवा लघवी घेतली का, आणि नंतर कोणी परत आलं का, एवढं एका कार्डावर मावेल.