उबवणी झाली, पहिला ग्राहक कोठे?

नवउद्योगांसाठीच्या योजनांची राजधानीत वानवा नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८२मध्ये उद्योजकता विकास मंडळ स्थापले आणि पुढे शिक्षणसंस्थांच्या आवारात इन्क्युबेटर, म्हणजे उबवणी केंद्रे, उभी राहिली. २०१६च्या अटल नवोन्मेष मोहिमेने अशा केंद्रांना पाच वर्षांत १० कोटी रुपयांपर्यंत साह्य देऊ केले. २०२१मध्ये ९४५ कोटींचा बीजनिधी आला. त्यातून चाचणी व नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान देऊ करण्यात आले. तथापि, नमुना तयार झाल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

केंद्रातल्या छोट्या कंपनीत जेमतेम पाच-सहा माणसे असतात. संशोधन, पेटंट, हिशेब आणि विक्री त्यांनाच पाहावी लागते. त्यांच्यासाठी नवोन्मेषाचे व्यवस्थापन म्हणजे कोणते काम धरावे आणि कोणते वेळीच सोडावे याचा निर्णय. हा निर्णय ग्राहकाच्या अनुभवावाचून होत नाही. ग्राहक नसला, की कंपनी अनुदानामागून अनुदान मिळवीत राहते आणि अर्ज लिहिणे हाच तिचा व्यवसाय होऊन बसतो.

मुंबई आयआयटीच्या ‘साइन’ या केंद्रात वाढलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन कंपनी २००७मध्ये स्थापन झाली. संरक्षण संशोधन संस्थेच्या साह्याने तिने ‘नेत्र’ हे ड्रोन घडविले. लष्कराची सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी तिला मिळाली ती २०२१मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी. केंद्रातला मुक्काम मात्र साधारणतः दोन-तीन वर्षांचाच असतो. मधली वाट प्रत्येक कंपनीला झेपेल असे नाही.

खरी मेख सरकारी खरेदीत आहे. २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १७३नुसार, गुणवत्ता व तांत्रिक निकष पाळले जात असतील, तर नवउद्योगांना पूर्वीच्या उलाढालीची व अनुभवाची अट शिथिल करता येते. ‘करता येते’, ‘करावीच’ असे नव्हे. ज्या वस्तूला दुसरा स्पर्धकच नाही, तिथे सर्वांत कमी दराची निविदा कोठून आणायची? उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावे लागते. त्यामुळे सवलत कागदावर राहते. यात अधिकाऱ्याचा भित्रेपणा कमी आणि व्यवस्थेचा दोष अधिक आहे.

संरक्षण मंत्रालयाने २०१८मध्ये ‘आयडेक्स’द्वारे उलटी वाट धरली. आधी सैन्यदलांची गरज जाहीर करायची, मग उपाय मागवायचा. २०२०च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत अशा उत्पादनांच्या खरेदीचीही तरतूद झाली. आरोग्य, रेल्वे, कृषी या खात्यांनी हाच कित्ता गिरवून अल्प प्रमाणात चाचणी-खरेदी करावी आणि प्रामाणिक निर्णयाला लेखी संरक्षण द्यावे. केंद्रांचे मूल्यमापनही कंपन्यांच्या शिरगणतीवर नव्हे, तर पैसे मोजणारा ग्राहक किती जणींना लाभला, यावर व्हावे. अन्यथा अंडी उबतील, पिल्लेही निघतील. पण त्यांना दाणा घालणारा कोणी नसेल.