ट्रंकेतली वाकळ

सहावीत या शाळेत दाखल झालो तेव्हा माझ्या काळ्या ट्रंकेत शाळेच्या यादीतलं सगळं सामान होतं आणि यादीबाहेरची एक वस्तू होती : आजीने शिवलेली वाकळ. पुण्या-मुंबईकडचे वाचक तिला गोधडी म्हणतील, आमच्या सातारा भागात वाकळच. गावापासून दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासावर पोरगं चाललंय, तिकडे थंडी मरणाची, म्हणून आजीने ती चार महिने खपून शिवली होती. माझ्या प्रत्येक कपड्यावर रोल नंबरही तिनेच लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात काढला होता. आजीला वाचता येत नाही. तिने ते आकडे चित्र काढावं तसे काढले आणि एकही चुकला नाही.

पहिल्याच आठवड्यात डॉर्मिटरीत कोणीतरी म्हणालं, "अरे, ये तो पोंछा है!" सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री वाकळ ट्रंकेच्या तळाशी गेली आणि दोन वर्षं तिथेच राहिली. दर सुट्टीत आजी विचारायची, "ऊब लागती का रं?" मी म्हणायचो, लागते.

आता मी बारावीत आहे, आणि जाण्याआधी एक मत मांडायचं आहे. आपल्या शाळेत सुई-दोऱ्याला जागा असायला हवी. तुटलेलं बटण लावण्यापुरती नव्हे, ती आहेच. मित्रांनी आणि घरच्यांनी एकत्र बसून कापडातून काहीतरी बनवण्याचा जो आनंद आहे, त्याला जागा हवी.

बटणापुरती सुई आपण सगळेच वापरतो. परेडच्या आदल्या रात्री हाउसचा बिल्ला, नेमप्लेटची पट्टी, फाटलेला खिसा हे ज्याचं त्यानेच करायचं असतं. ब्रिटिश फौजेत प्रत्येक शिपायाजवळ सुई, दोरा आणि बटणांची एक छोटी पिशवी असे. तिला 'हाउसवाइफ' म्हणत. म्हणजे गृहिणी घरी आणि तिची पिशवी खंदकात! नाव ठेवणाऱ्यालाही वाटत असावं की हे काम मुळात बायकांचं, शिपाई ते नाइलाजाने करतो. आपल्याकडेही हा समज अजून गेलेला नाही. शाळेत मुली आल्यावर पहिल्याच महिन्यात दोन मुलगे आपापले बिल्ले घेऊन एका मुलीकडे गेले होते. तिने शांतपणे सांगितलं की तिला शिवता येत नाही, पण धावण्यात हरवून दाखवू शकते. पुढच्याच क्रॉस-कंट्रीत तिने ते दाखवलं.

हे काम फौजी माणसाला शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मेजर अ‍ॅलेक्सिस कॅसडाग्ली हे ब्रिटिश अधिकारी १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत एका सोबत्याने त्यांना कॅनव्हासचा तुकडा दिला. दोऱ्यासाठी एका म्हाताऱ्या सेनानीचा जुना लोकरी स्वेटर उसवला. त्यातून त्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये एक भरतकाम पुरं केलं. मधोमध नाव, ठिकाण, तारीख आणि चारही बाजूंनी ठिपक्या-रेघांची किनार. जर्मनांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वेगवेगळ्या छावण्यांत भिंतीवर लावलं. ती किनार म्हणजे मोर्स कोड होता : एकीकडे राजाला दीर्घायुष्य आणि दुसरीकडे हिटलरला सणसणीत शिवी. कोणाच्याही लक्षात आलं नाही. सिग्नलचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांनी कैदेतल्या इतर अधिकाऱ्यांनाही सुईकाम शिकवलं आणि घरी असलेल्या लहान मुलाला कापडावर भरून पत्र पाठवलं. तो मुलगा पुढे नौदलात अधिकारी झाला आणि त्यानेही भरतकाम केलं.

त्याआधी, पहिल्या महायुद्धात अर्नेस्ट थेसिजर या नटाचा हात फ्रान्समध्ये जखमी झाला होता. परत आल्यावर त्याने जखमी सैनिकांना भरतकाम शिकवावं असा आग्रह धरला आणि १९१८ मध्ये त्यासाठी एक संस्था उभी राहिली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये वेदीवर घालायचं एक वस्त्र आहे. ते १३८ जखमी सैनिकांनी रुग्णालयातल्या खाटांवर बसून भरलं. १९१९ च्या युद्धसमाप्तीच्या प्रार्थनेत ते वापरलं गेलं.

ही गोष्ट मी गेल्या उन्हाळ्यात घरी सांगितली, कारण आमच्या घरातही एक हात आखडलेला होता. बाबा हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि तिसऱ्याच महिन्यात मोटारसायकलवरून पडले. उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण बोटं वळेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो शेजारच्या पोराला देऊन टाकला.

मे महिना होता. रानातली कामं संपली होती, पाऊस यायचा होता. आमच्याकडे वाकळा शिवायचे दिवस हेच. आजीने ओसरीवर जुनं लुगडं अंथरलं, त्यावर आजोबांची दोन धोतरं, एक विटलेली चादर. सगळ्यात वरच्या थरासाठी या वेळी मी सामान आणलं होतं : सहावीपासूनचे आखूड झालेले हाउसचे टी-शर्ट, पीटीच्या चड्ड्या, फाटलेला टाय आणि मित्रांनी दिलेलं काहीबाही. बंगालच्या मित्राने आईच्या साडीचा काठ दिला होता. तो म्हणाला होता की त्याची आजी जुन्या साड्यांच्या काठातून दोरा ओढून काढते आणि त्याच दोऱ्याने कांथा शिवते. बिहारच्या मित्राने त्याच्या लहानपणच्या सुजनीचा तुकडा दिला. पंजाबच्या मित्राने फुलकारीचा दुपट्टा मात्र दिला नाही. आईने टांगून मारलं असतं म्हणाला. त्याने फक्त सांगितलं की फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने भरतात, फूल दुसऱ्या बाजूला उमलतं. आजीला हे खरंच वाटेना. तिने लगेच एक चिंधी घेऊन करून पाहिलं, आणि जमल्यावर अर्धा दिवस तेच करत बसली.

कोपरे सरकू नयेत म्हणून एकावर वरवंटा ठेवला, एकावर अडकित्त्याचा डबा, एकावर बाबांचा बूट आणि चौथ्यावर माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक. पुस्तकाचा तो उन्हाळ्यातला एवढाच उपयोग झाला. आधी कडा टाचून घेतल्या, मग कडेकडून आत आत धावदोरा. आजी, आई, चुलती आणि मी, चार बाजूंना चार. टी-शर्टचं कापड ताणतं, त्यावर टाका घातला की चुण्या पडतात. त्याला खाली सुती अस्तर जोडावं लागतं, हे तीन तुकडे वाया घालवल्यावर आम्हाला कळलं. बटणं, बिल्ले लावायचे होते. आजीने मोडता घातला : झोपणाऱ्याला टोचतील. मग ती सगळी फक्त किनारीला गेली. रोल नंबरच्या लाल पट्ट्या तेवढ्या मधोमध राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा येऊन बसले. काही न बोलता डाव्या हाताने सुई उचलली, उजव्या हाताच्या बोटांत बसवली. पहिल्या दुपारी जेमतेम वीतभर टाके झाले. आठवड्याने हातभर. आणि ते टाके असे सरळ की आजीला मुळीच आवडले नाहीत. "वाकळ काय परेडला चाललीया व्हय?" म्हणाली.

बाबा आणि मी समोरासमोर बसलो की बोलणं मार्कांवर सुरू होतं आणि मार्कांवरच संपतं. अनेक कॅडेटांच्या घरी असंच असणार. पण शिवताना नजर कापडावर असते. एका दुपारी बाबा टाका घालता घालता म्हणाले की नोकरीत लागले तेव्हा त्यांनाही आजीने वाकळ दिली होती. वरच्या एका पोस्टवरून खाली बदली झाली तेव्हा ती सामानात हरवली. पुढे वीस वर्षं आजी विचारायची आणि ते सांगत राहिले, आहे, चांगली आहे. आजी तिथेच, तीन हातांवर बसलेली होती. मग मीही माझी ट्रंकेची गोष्ट सांगून टाकली.

आजीने दोरा दाताने तोडला. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "ऊब लागती म्हनताना दोघंबी खाली बघता."

बाबांची बोटं आता बरीच वळतात. ते सुईने झालं की नुसत्या दिवसांनी, मला सांगता येणार नाही. म्हणूनच शाळेपुढे बाजू मांडताना मी सुईकामाचे फायदे मोजणार नाही. शिवल्याने नेमबाजी सुधारते, एकाग्रता वाढते, एसएसबीत गुण मिळतात असं काही मी म्हणत नाही. आमच्या एका सरांनी विचारलं, "मग वेळ का द्यायचा?" सर, रविवारी दुपारी जेवणानंतर आम्ही दोन तास जे करतो, त्याचा तरी काय उपयोग असतो?

एक भीती मात्र आहे. ही गोष्ट पटली तर उद्या तिची आंतर-हाउस स्पर्धा होईल. गुण, ट्रॉफी, परीक्षक. मग काय होतं ते मी एका प्रदर्शनात पाहिलं आहे : बक्षीस मिळालेली सुंदर भिंतझालर बाजारातल्या शिंप्याची होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी टाळ्या पडल्या. सुईकामाला हाउस पॉइंट लागले की ते शिंप्याकडे जाणार. त्यापेक्षा ते हॉबी क्लबच्या यादीतही आलं नाही तरी चालेल. कॉमन रूमची एक जमीन आणि जुन्या कपड्यांचं एक खोकं पुरेल.

आणि पालक दिन. आई-वडील कुठून कुठून येतात, बँड ऐकतात, पीटी डिस्प्ले पाहतात, मग दोन तास हिरवळीवर बसून डब्यातलं खाऊ घालतात आणि विचारतात, मार्क किती पडले. त्या हिरवळीवर एक मोठं कापड अंथरून ठेवावं. ज्यांना बसायचं त्यांनी बसावं, चार टाके घालावेत, घरून आणलेला तुकडा जोडावा. नाही बसलं कोणी, तर कापड घडी करून ठेवता येतं. वडिलांनी मात्र जरूर बसावं. फौजेतल्या बहुतेक वडिलांना शिवता येतं, हे त्यांनी घरी सांगितलेलं नसतं.

गेल्या महिन्यापासून आम्ही सातजण रविवारी बसतो. बंगालचा, बिहारचा, पंजाबचा, ती क्रॉस-कंट्रीवाली, मी आणि सहावीतली दोन पोरं. त्यांतला एक पहिल्या दिवशी काही बोलला नाही, दुसऱ्या रविवारी ट्रंकेतून आपल्या आजीची गोधडी घेऊन आला. ती एका कोपऱ्यात उसवली आहे. सध्या तीच दुरुस्त करायचं चाललं आहे. सुया सहाच आहेत, त्यातली एक परवा मोडली. कोणाकडे जाड सुई आणि एखादं अंगुस्तान असेल तर आणून द्यावं.