मुरुडला आलेला पाहुणा उपाशी का राहतो?

कापडाच्या धंद्यानिमित्त अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात माझे वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे. चादरी, टॉवेल, ड्रेस मटेरिअल असा माल दुकानदारांना आणि लॉजवाल्यांना द्यायचा, मागची वसुली करायची आणि संध्याकाळी परतायचे. या फिरतीत एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, “मुरुडला जेवायचे कुठे?” विचारणारे बहुतेक आपलेच लोक असतात. कोणी मालेगावचे, कोणी भिवंडीचे, कोणी पुण्याचे. त्यांना जंजिरा पाहायचा असतो, मुलांना समुद्र दाखवायचा असतो आणि दुपारी कुटुंबासह बसून हलाल व स्वच्छ जेवायचे असते. प्रश्न साधा आहे, पण मला त्याचे उत्तर लगेच देता येत नाही. ज्या गावात आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, ज्या गावाजवळच्या किल्ल्यावर सिद्दींनी शतकानुशतके राज्य केले, त्या गावात हे उत्तर अवघड असावे, याचा विचार आपण केला पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात मालेगावचे एक व्यापारी सहकुटुंब माझ्याबरोबर होते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ला पाहून परत येईतो दुपारचे दोन वाजले. बरोबर पर्दानशीन बाया, दोन लहान मुले. धक्क्यावर शहाळे मिळाले, कोकम सरबत मिळाले, मीठ-मसाला लावलेली कैरी मिळाली. ही मंडळी चोख धंदा करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पुढे गावात ‘हलाल’ची मोठी पाटी पाहून आम्ही एका हॉटेलात शिरलो. नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्याचा नाही. टेबल ओले, हात धुण्याच्या जागी साबण नाही, बायांना बसायला आडोसा नाही. दराची पाटी नव्हती. पापलेट मागितले, तर बर्फातले जुने आले. मुलांनी तोंड लावले नाही. बिल मात्र ताज्या मासळीचे झाले. माझ्या पाहुण्यासमोर माझी मान खाली गेली.

मग कोळीवाड्यात एका बाईंच्या घरगुती खाणावळीत गेलो. शेणाने सारवलेले अंगण, धुतलेली ताटे, दारात फळ्यावर खडूने लिहिलेले भाव. तांदळाची भाकरी, सुरमईची तुकडी, कालवण, भात, सोलकढी. पाहुणे जरा बिचकले. ते हनफी आहेत, खेकडा खात नाहीत. आपल्या कोकणी शाफई लोकांना तो चालतो. त्यांनी कढईचे विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “शेठ, कुर्ल्यांचं भांडं वेगळं आहे. आणि मासळीला सुरी कोणाची ते बघावं लागत नाही. आमच्याकडे जेवायला तुमचीच माणसं जास्त येतात.”

हे शेवटचे वाक्य मला लागले. बाईंनी काही टोमणा मारला नव्हता. त्यांनी बाजारातली खरी गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक पाटी बघून एकदा येते. दुसऱ्यांदा येते ते चव, सफाई आणि सचोटी बघून.

हलालबरोबर तय्यब

आपल्या काही हॉटेलवाल्यांचा असा समज आहे की, मांस हलाल आहे म्हटले की आपली जबाबदारी संपली. कुरआनात खाण्याच्या संदर्भात हलाल या शब्दाबरोबर तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे पाक, चांगले, मनाला रुचणारे. शिळी मासळी ताजी म्हणून विकणे, आधी दर न सांगता मागाहून वाढवून लावणे, हे तिजारतीच्या कोणत्या व्याख्येत बसते? कापडाच्या धंद्यात मी मिलचा माल म्हणून पॉवरलूमचा माल दिला, तर पुढच्या फेरीला दुकानदार मला दारात उभा करणार नाही. हॉटेलवाल्याला वाटते की, मुंबईचे गिऱ्हाईक आज आले, पुन्हा कशाला येईल? पण ते गिऱ्हाईक घरी जाऊन दहा जणांना सांगते. आता तर मोबाइलवर फोटोसह लिहिते.

आपल्याकडे काय नाही?

आपल्या घरांतून जे शिजते ते मोठ्या हॉटेलांत शोधून मिळत नाही. तांदळाची रोटी, नारळाच्या दुधातली कोळंबी, अखनी, सांदण, सुकट, वालाची भाजी. हे पदार्थ पाहुण्याला मिळतात कुठे? फक्त आपल्या लग्नात. हॉटेलात मात्र आपण त्याला लाल रंगाचे तंदुरी चिकन आणि नूडल्स देतो, जे त्याच्या घराजवळ अधिक चांगले मिळते. दीडशे किलोमीटर प्रवास करून तो नूडल्स खायला येत नाही.

शिवाय दारूचा प्रश्न आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत अनेक ठिकाणी जेवण आणि दारू एकाच छपराखाली असते. ज्याला मुलाबाळांसह दारूविना बसायचे आहे, असे गिऱ्हाईक फक्त मुसलमानांत नाही. वारकरी घरातले लोक आहेत, जैन-मारवाडी कुटुंबे आहेत, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेले नोकरदार आहेत. या सर्वांना चांगला चहा, कोकम सरबत, शहाळे आणि स्वच्छ बैठक हवी असते. आपला धर्म ज्या गोष्टीची मनाई करतो, तीच मनाई इथे धंद्याचे भांडवल होऊ शकते. शाकाहारी ताटासाठी भांडी वेगळी ठेवली, तर हे गिऱ्हाईकही आपले आहे.

पाटीबद्दलही बोलतो. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दूवर माझे प्रेम आहे आणि राहील. पण पाटी मालकासाठी नसते, वाचणाऱ्यासाठी असते. २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, धंद्याच्या अकलेने पदार्थांची नावे आणि दर ठळक मराठीत लिहा. खाली हौसेने उर्दू लिहा.

भांडवल कुठून आणायचे?

तरुण म्हणतात, पैसा नाही. मी गावोगाव पाहतो, आखाती देशांत कमावलेल्या पैशातून बांधलेली मोठी घरे वर्षाचे दहा महिने कुलपात असतात. मालक दुबईत, कुवेतमध्ये. भाऊबंद गावात बेकार. अशा घराच्या पडवीत सहा टेबले लावता येतात.

हिशोब मांडून बघू. समजा शनिवार-रविवार मिळून ४० ताटे गेली आणि ताटाला २५० रुपये धरले, तर आठवड्याला १० हजार रुपये होतात. मासळी, तांदूळ, गॅस आणि मदतनीस यांना ६ हजार गेले, तरी ४ हजार उरतात. महिन्याला १६ हजार, आणि ऑक्टोबर ते मे हे आठ महिने धरले तर १ लाख २८ हजार. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद, मासेमारी बंद, तेव्हा धंदाही बंद धरला आहे. ही मोठी दौलत नाही, पण दोन दिवसांच्या कामाची ही कमाई आहे. त्यासाठी घर सोडून वाळवंटात जावे लागत नाही.

ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे मुदारबाची जुनी रीत आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. नुकसान झाले तर भांडवलवाल्याचा पैसा जातो, मेहनतवाल्याची मेहनत जाते. मात्र हे तोंडी ठेवू नका. लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रोजचा हिशोब वहीत मांडा. भावाभावांतले बहुतेक धंदे तोट्याने बुडत नाहीत, न लिहिलेल्या हिशोबाने बुडतात. अन्नधंद्याची नोंदणीही पहिल्या दिवशी करून घ्या.

आणि आपल्या बायकांचा विचार करा. स्वयंपाकाचे हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. पडद्यात राहूनही घरातले स्वयंपाकघर चालवता येते. बाहेर वाढायला मुलगा असो, पण कमाईत तिचा वाटा तिच्या नावाने असावा.

वेळ थोडा आहे

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन बोट येते. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये पूल आहे. आज गाड्या फेरीबोटीसाठी थांबतात. उद्या पूल झाला की त्या सरळ दिवेआगर, श्रीवर्धनकडे निघून जातील. ज्या गावात चांगले जेवण मिळते, तिथेच गाडी थांबेल.

त्या दिवशी परत जाताना माझ्या मालेगावच्या पाहुण्याने खाणावळवाल्या बाईंचा फोन नंबर लिहून घेतला. पुढच्या वर्षी तो मेहुण्याचे कुटुंबही आणणार आहे. बाईंची रोजी वाढली, याचा मला आनंदच आहे. दुःख एवढेच की, ‘हलाल’ लिहिलेल्या दारातून तो पाहुणा उपाशी बाहेर पडला होता. ती पाटी आपण लावली आहे, तर तिची आब राखणे आपलेच काम आहे.