सोन्याची कुऱ्हाड आणि सोन्याचा किनारा

गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस आम्हीं निबंधासाठीं दोन विषय दिले होते. एक, पश्चिम आफ्रिकेंतील घाना देश. दुसरा, आपला बुलढाणा जिल्हा. ज्यास जो आवडेल तो त्यानें घ्यावा. गठ्ठा चाळतां चाळतां आमच्या ध्यानांत आलें कीं, मुलांनीं दोन विषयांवर लिहिलें नसून एकाच विषयावर लिहिलें आहे. बदललीं आहेत तीं केवळ विशेषनामें. आधीं भूगोल, मग लोक, मग राज्यव्यवस्था, आणि सर्वांच्या शेवटीं अर्थव्यवस्था. चार कप्प्यांचा हा डबा बंद करतांना प्रत्येकानें एकच वाक्य लिहिलें होतें: भौगोलिक परिस्थिती प्रतिकूल असल्यामुळें हा प्रदेश मागासलेला राहिला.

मुलांस आम्ही दोष देत नाहीं. हा डबा त्यांना आम्हां शिक्षकांनींच दिला, आणि आम्हांस तो इंग्रजानें दिला. सर आल्फ्रेड लायल यांनीं १८७० सालीं वऱ्हाडचें गॅझेटियर सिद्ध केलें, आणि १९१० सालीं नेल्सन यांनीं बुलढाणा जिल्ह्याचें. दोन्ही ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेले आहेत. त्यांचा उपयोग आम्ही आजही करतों आणि कृतज्ञतेनें करतों. परंतु त्यांच्या प्रकरणांच्या क्रमांतच एक युक्तिवाद दडलेला आहे, आणि आमचें भांडण आहे तें त्या युक्तिवादाशीं. प्रथम डोंगर-नद्या सांगावयाच्या, मग माणसांच्या जाती मोजावयाच्या, मग सरकार येऊन सुव्यवस्था लावतें असें दाखवावयाचें, आणि अखेरीस पिकें व व्यापार यांचे आंकडे. असें वाचलें कीं दारिद्र्य हें पावसापाण्याप्रमाणें आभाळांतून पडलेलें दिसतें. सरकार तिसऱ्या प्रकरणांत आल्यामुळें पहिल्या दोन प्रकरणांची जबाबदारी त्याच्यावर येत नाहीं!

आमचें म्हणणें असें कीं, बुलढाणा जिल्ह्याची हकीकत उलट्या टोकानें वाचली पाहिजे.

हा जिल्हा मुळांत भूगोल नव्हेच. ती एक सरकारी शिवण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें या मुलखाचे दोन तुकडे केलेले आहेत. वर मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेड राजा. खालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव, जळगांव जामोद. जुन्या दप्तरांत यांस बालाघाट आणि पयनघाट म्हणत; आमचीं माणसें आजही 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असें म्हणतात, आणि सोयरीक जुळवितांना हा भेद विसरत नाहींत. वरची पैनगंगा आणि खडकपूर्णा आपलें पाणी शेवटीं गोदावरीच्या खोऱ्यांत नेतात. खालची पूर्णा तापीला मिळते. खामगांव आणि जळगांव हे तालुके १९०५ सालीं अकोल्याकडून काढून बुलढाण्यास जोडण्यांत आले. म्हणजे ज्या प्रदेशाचें पाणीसुद्धां एका समुद्रास जात नाहीं, तो प्रदेश कारकुनाच्या लेखणीनें एक झाला. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु मग त्या लेखणीस पहिलें प्रकरण द्यावें, डोंगरास नव्हे.

आणि त्याहीपूर्वीची गोष्ट. वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं कसें आलें? लढाईनें नव्हे, कर्जानें. निजामाच्या नांवावर पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, आणि १८५३ च्या तहानें हा मुलूख त्या खर्चापोटीं लावून देण्यांत आला. १९०२ सालीं त्याचा कायमचा पट्टा झाला: वर्षास पंचवीस लक्ष रुपये. पुढच्याच वर्षीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. सावकाराकडे गहाण पडलेल्या शेताचें वर्णन करतांना मातीच्या रंगापासून आरंभ करणारा मनुष्य भोळा तरी असावा, नाहीं तर सावकाराचा मुनीम तरी असावा.

त्या शेतांत काय पिकवावयाचें हेंही मग सावकारच ठरवूं लागला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे विलायतेचें लक्ष वेधलें. लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा घाटाखालून गेला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत सात-आठ मैलांचा फांटा काढला, तो कापसाच्या बाजारासाठीं. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. सात-आठ मैलांच्या फांट्यासाठीं व्हाइसरॉय येतो. आणि खुद्द जिल्ह्याचें ठाणें जें बुलढाणा, जें साहेबांनीं थंड हवेसाठीं पसंत केलें, तेथें रेल्वे अद्यापि पोहोंचलेली नाहीं. खामगांवहून जालन्यास जोडणाऱ्या लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. पाहणी होते, अहवाल होतो, आणि पुन्हा पाहणी होते. विद्यार्थी लिहितो, 'घाटामुळें रेल्वे नाहीं.' अरे, खंडाळ्याचा घाट याच इंग्रजानें १८६३ सालीं ओलांडला! घाट आड येतो तो वर कापसाचा बाजार नसला म्हणजे येतो.

आतां घानाकडे वळूं. या देशास १९५७ पर्यंत इंग्रज 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा, म्हणत असत. एका बाजूस शेजारीं हस्तिदंताचा किनारा, आणि दुसऱ्या बाजूस एके काळीं गुलामांचा किनारा. जो माल जेथून न्यावयाचा त्या मालाचें नांव त्या भूमीस! आमच्याकडेही 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण अभिमानानें सांगितली जाते. आम्ही स्वतः ती लहानपणीं शेकडों वेळां ऐकली आणि छाती फुगविली. परंतु कुऱ्हाड कोणाच्या हातीं होती आणि ती कोणत्या झाडावर पडत होती, हें त्या वयांत आम्हांस कोणीं विचारलें नाहीं. ६ मार्च १९५७ रोजीं तो देश स्वतंत्र झाला तेव्हां त्यानें पहिलें काम केलें तें हें नांव टाकून देण्याचें. आणि घेतलें तें नांव एका प्राचीन राज्याचें, जें राज्य त्या भूमीवर नव्हतेंच, शेंकडों मैल वायव्येस होतें. या ऐतिहासिक स्वातंत्र्याबद्दल पंडित हंसतात. आम्हांस मात्र त्यांत मालाच्या यादींतून नांव खोडून घेण्याची धडपड दिसते.

तेथील कापूस म्हणजे कोको. टेट्टे क्वार्शी नांवाच्या एका आफ्रिकी कारागिरानें १८७९ मध्यें फर्नांडो पो बेटांतून त्याचें बीं आणलें असें मानतात, आणि १९११ पर्यंत तो देश कोकोच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला. हें कोणत्या भूगोलानें केलें? तेथील शेतकऱ्यांनीं केलें. पुढें विलायती कंपन्यांनीं आपसांत करार करून भाव बांधला, तेव्हां १९३७-३८ सालीं त्याच शेतकऱ्यांनीं कोको विकण्याचेंच नाकारलें, आणि महिनोंमहिने माल अडवून धरला. चौकशीस आयोग नेमावा लागला. आमच्या विद्यार्थ्यांच्या एकाही निबंधांत ही गोष्ट नव्हती. होतें तें एवढेंच कीं, 'येथील लोक अशांती, फांटी, एवे इत्यादी जमातींचे असून शेती करतात.' आणि ते एवे लोक तरी एका देशांत कोठें आहेत? युरोपीय सीमारेषेनें त्यांचे तुकडे पडले; कांहीं घानांत राहिले, कांहीं टोगोंत. तेथेंही लेखणीच!

पाऊस आड येतो म्हणणारांसाठीं एक बारीकशी गोष्ट. घानाची राजधानी अक्रा समुद्रकांठीं असूनही तेथें पाऊस आमच्या जिल्ह्याप्रमाणेंच बेताचा, सात-आठशें मिलिमीटरांच्या आसपास पडतो. आणि तें त्या देशांतील सर्वांत मातबर शहरांपैकीं एक आहे.

आमचे एक विद्वान स्नेही हें सर्व ऐकून म्हणाले, 'इंग्रज जाऊन किती वर्षें झालीं? अजून किती दिवस त्यांच्या नांवानें बोटें मोडणार?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आमच्या पक्षाचेंच आहे. कोकोची सरकारी खरेदी करणारें मंडळ इंग्रजांनीं स्थापिलें. पण १९५४ सालीं एन्क्रुमांच्या स्वदेशी मंत्रिमंडळानें शेतकऱ्यास द्यावयाचा भाव कायद्यानें बांधून टाकला, आणि वरचा नफा सरकारी तिजोरींत घेतला. त्या वर्षींच कुमासींत विरोधाची मोठी चळवळ उभी राहिली. आमच्याकडे १९७२ पासून महाराष्ट्र सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली. बाजारांतील लुटीपासून संरक्षण हा हेतु चांगला होता. तरी खरेदी-केंद्रापुढें कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगा आणि चुकाऱ्यासाठीं हेलपाटे हें आमच्या पिढीनें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. तेव्हां आमचा रोख गोऱ्या कातडीवर नाहीं. राज्य कोणाचेंही असो, दारिद्र्याचा पहिला जाब राज्यास विचारावा, आणि मग पर्जन्यमापकास.

भूगोल म्हणजे शून्य असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्णेच्या कांठचा खारपाण पट्टा ज्यानें पाहिला आहे तो असें म्हणणारच नाहीं. विहीर खणावी तों खारें पाणी. तें पिकास घालावें तर जमीन चिबडते. या शेतकऱ्यास भूगोलानें खरोखरच गांठलें आहे. परंतु म्हणूनच त्याला गोडें पाणी बाहेरून आणून देणें हें सरकारचें काम ठरतें. आणि त्यासाठीं नांदुरा तालुक्यांत पूर्णेवर हाती घेतलेलें जिगांवचें धरण २०२० सालींही अपुरेंच होतें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील उपाय म्हणून सहा जिल्ह्यांसाठीं जी मदत जाहीर केली त्यांत बुलढाण्याचें नांव होतें. खारपाण निसर्गाचें, मधलीं वर्षें मात्र निसर्गाचीं नव्हेत.

या वादांत शब्दांचें महत्त्व मोठें आहे. 'मागासलेला' हा शब्द जमिनीवर, आणि पर्यायानें तिच्यावर राहणाऱ्या माणसांवर, ठपका ठेवतो. दांडेकर समितीनें १९८४ सालीं दुसरा शब्द रूढ केला: 'अनुशेष'. हा हिशेबाच्या वहींतला शब्द आहे. अनुशेष म्हटला कीं देणेकरी आला, तारीख आली, बाकी आली. १९९४ सालीं विदर्भासाठीं वैधानिक विकास मंडळ निघालें तें या वहीवर लक्ष ठेवण्यासाठीं. ३० एप्रिल २०२० रोजीं त्याची मुदत संपली. त्यानंतरच्या काळांत आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं पुन्हा 'मागासलेला' हाच शब्द यावा, यास आम्ही योगायोग समजत नाहीं.

'लोक' या प्रकरणाविषयीं अधिक लिहीत नाहीं. ज्या जिल्ह्यानें सिंदखेडास जिजाबाई दिली, मेहकरास ना. घ. देशपांडे यांच्यासारखा कवि दिला, त्याचें वर्णन जातींच्या कोष्टकांत आटोपतें असें ज्यांस वाटतें त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. लोणारचें सरोवर १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या अधिकाऱ्यानें 'शोधून काढलें' असें आमच्या विद्यार्थ्यांनीं लिहिलें आहे! त्या सरोवराच्या कांठीं शेंकडों वर्षांचीं देवळें उभीं आहेत, आणि अकबराच्या दरबारीं लिहिलेल्या आईन-ए-अकबरींत लोणारचा उल्लेख आहे. नायजर नदीही अशीच १७९६ सालीं मंगो पार्कनें 'शोधली'; कांठचे लोक तोंवर तिचें पाणी पीत होते तें बहुधा नकळत.

निबंधांचा गठ्ठा आम्हीं गुण न देतां परत केला आहे. यंदा विषय एकच ठेवला आहे: 'बुलढाण्यास रेल्वे कां नाहीं?' अट एवढीच कीं, घाटाचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या आधीं करावयाचा नाहीं. यावर दोघां पालकांची तक्रार आली आहे कीं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.