कोकोश्किन आणि हुकलेली वेळ

रशियाच्या मातीत लोकशाही रुजतच नाही, तिथे झार नाहीतर पोलादी पुढारीच चालतो, असे बिनदिक्कत बोलले जाते. ते चूक आहे. १९१७ च्या नोव्हेंबरात चार कोटींहून अधिक रशियन नागरिकांनी गुप्त मतदान करून घटनासमिती निवडली. त्यांत स्त्रिया होत्या, खंदकांतले सैनिक होते, निरक्षर शेतकरी होते. तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्समधल्या स्त्रियांना संसदेसाठी मत देता येत नव्हते. या मतदानाचा कायदा ज्या मंडळाने तयार केला, त्याचे अध्यक्ष होते मॉस्कोचे घटनाशास्त्रज्ञ फ्योदर कोकोश्किन. आपल्याकडे हे नाव जवळजवळ अपरिचित आहे.

१८७१ मध्ये जन्मलेल्या कोकोश्किन यांनी मॉस्कोत कायद्याची पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत अभ्यास केला. हाइडेलबर्गचे कायदेपंडित गेओर्ग येलिनेक यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. सत्ता राज्यकर्त्याच्या देहात नसते, ती पदाला असते आणि पदाला कायद्याची वेस असते, हे त्यांच्या अध्यापनाचे सार. झार स्वतःला ईश्वरनियुक्त समजत असताना विद्यार्थ्यांना हे शिकवणे म्हणजे सिंहासनाखालची वीट काढणेच होते. १९०५ मध्ये कायदेतज्ज्ञ सर्गेई मुरोम्त्सेव्ह यांच्यासोबत त्यांनी रशियासाठी राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. पुढच्या वर्षी ते पहिल्या ड्यूमात, म्हणजे रशियन संसदेत, निवडून गेले. उच्चारात दोष असूनही कॅडेट या उदारमतवादी पक्षाच्या उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होई. ती ड्यूमा झारने ७२ दिवसांत बरखास्त केली. निषेधाच्या व्हिबोर्ग जाहीरनाम्यावर सही केल्याबद्दल कोकोश्किन यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि निवडणूक लढवण्याचा हक्कही गेला.

ज्याचा हक्क हिरावला गेला, त्याच्याच हाती १९१७ मध्ये सर्वांना हक्क देण्याचे काम आले. झार पायउतार झाल्यावर कोकोश्किन यांच्या मंडळाने निवडणुकीचा जो कायदा रचला, त्यात मालमत्तेची अट नव्हती, स्त्री-पुरुष भेद नव्हता आणि पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळणार होत्या. मात्र कायदा निर्दोष व्हावा म्हणून कलमाकलमावर चर्चा झडत राहिल्या. मतदारयाद्या नव्याने निवडलेल्या स्थानिक संस्थांनीच कराव्यात, असे ठरले. म्हणजे आधी त्या संस्थांच्या निवडणुका. सप्टेंबरचे मतदान नोव्हेंबरवर गेले. मधल्या काळात लेनिनच्या बोल्शेविकांनी सत्ता घेतली.

या दिरंगाईची जबाबदारी कोकोश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाळता येणार नाही, असे आमचे मत आहे. हरण्याच्या भीतीने कॅडेटांनी मुद्दाम वेळ काढला, हा आरोप मात्र कोकोश्किन यांच्याबाबत आम्हांला पटत नाही. हरण्याची भीती असती तर प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी त्यांनी एवढा घाम गाळला नसता. त्या कायद्याने त्यांच्याच पक्षाची ताकद पाच टक्क्यांच्या आसपास असल्याचे उघड केले. त्यांचा दोष निराळा होता: युद्धाने आणि भुकेने गांजलेला देश काटेकोर यादीची वाट पाहील, असे त्यांनी गृहीत धरले. थोडी सदोष पण उन्हाळ्यातच निवडलेली घटनासमिती अस्तित्वात असती, तर तिला डावलून सत्ता बळकावणे इतके सोपे गेले नसते.

त्यामुळे पुढच्या अत्याचारावर पांघरूण पडत नाही. निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मते मिळाली. समिती ज्या दिवशी भरायची होती, त्याच ११ डिसेंबरच्या सकाळी तिचे सभासद कोकोश्किन आणि डॉ. आंद्रेई शिंगार्योव्ह यांना पेत्रोग्राडमध्ये अटक झाली. त्यांचा पक्ष जनतेचा शत्रू ठरवला गेला. समिती अखेर १८ जानेवारी १९१८ ला भरली आणि दुसऱ्याच दिवशी मोडण्यात आली. क्षयाने ग्रासलेल्या कोकोश्किन यांना शिंगार्योव्ह यांच्यासह त्याच संध्याकाळी पेत्रोग्राडच्या किल्ल्यातल्या कोठडीतून मारिइन्स्काया रुग्णालयात हलवण्यात आले. रात्री खलाशांची टोळी आत शिरली आणि दोघांनाही खाटेवरच ठार करण्यात आले. कोकोश्किन तेव्हा ४६ वर्षांचे होते. सरकारने चौकशी जाहीर केली. परंतु निवडून आलेल्या प्रतिनिधींना शत्रू ठरवणारा हुकूम कोणी काढला होता, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेत नव्हताच.

रशिया हे लोकशाही आणि कायद्याने बांधलेले राज्य आहे, असे १९९३ च्या घटनेचे पहिलेच कलम सांगते. कोकोश्किन यांच्या पिढीने ज्यासाठी तुरुंग पाहिला, ती कल्पना अशी कागदावर आली. त्याच घटनेत २०२० मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजणीतून वगळल्या गेल्या. २०३६ पर्यंत पदावर राहण्याची वाट त्यांना मोकळी झाली. सार्वमताचा नेहमीचा कायदा बाजूला ठेवून सात दिवस मतदान चालले. कौल येण्याआधीच सुधारित घटनेच्या प्रती पुस्तकांच्या दुकानांत विकायला होत्या. मतदार काय म्हणेल हे ठाऊक नसतानाही कोकोश्किन यांनी त्याच्यासाठी कायदा लिहिला होता. त्यांच्या देशात आज निकाल आधी छापला जातो, मतदाराला मागाहून बोलावले जाते.